लढाईत नव्हतो, लढाईच्या काळात होतो



आधी दोन प्रकारच्या पदकांमधला फरक सांगते, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. १९७१ च्या युद्धानंतर भारत सरकारने युद्धसेवेची तीन पदकं काढली. पूर्व आघाडीच्या रणक्षेत्रात जे होते त्यांना पूर्वी तारा मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी तारा. तिसरं होतं संग्राम पदक. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जो सैन्यदलात सेवेत होता त्याच्यासाठी ते होतं. १९६५ च्या युद्धानंतरही हीच रीत होती. रणक्षेत्रातल्यांना समर सेवा तारा. आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी जे दलाच्या पटावर होते व ज्यांची १८० दिवसांची सेवा भरली होती, त्यांना रक्षा पदक. इंग्रजांनीही दुसऱ्या महायुद्धात असाच भेद केला होता. ब्रह्मदेशात लढलेल्याला बर्मा स्टार आणि भारतातच तीन वर्षं बिनलढाईची सेवा केलेल्याला इंडिया सर्व्हिस मेडल.

माझ्या वडिलांकडे संग्राम पदक होतं. तारा नव्हता.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. साताऱ्याच्या माण तालुक्यातला माणूस. शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्या अक्षरामुळेच असेल, भरतीनंतर त्यांना बंदुकीऐवजी भांडाराची वही मिळाली. १९७१ च्या डिसेंबरात ते जबलपूरच्या आयुध डेपोत होते. आघाडीवरून मागणी यायची, यांनी रॅकवरून सुटे भाग काढायचे, बिन कार्डवर आकडा कमी करायचा, व्हाउचरवर सही घ्यायची, पेटी खिळे मारून बंद करायची आणि रेल्वेच्या वाघिणीपर्यंत पोचवायची. डिसेंबरच्या त्या दोन आठवड्यांत आपण किती तास झोपलो हे त्यांना कधी सांगता आलं नाही. पेट्यांचे आकडे मात्र शेवटपर्यंत पाठ होते.

निवृत्त झाले तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. जवानाचं असंच असतं. पंधरा वर्षं भरली की पेन्शन लागू होते आणि पुढे निम्मं आयुष्य उरतं. आबांना अंधेरीत एका बँकेच्या शाखेवर रखवालदाराची नोकरी लागली आणि आम्ही बोरिवलीला राहायला आलो. तिथे आमच्या इमारतीत २६ जानेवारीला झेंडावंदन व्हायचं. मी आठवीत असताना समितीच्या मंडळींनी ठरवलं की यंदा आपल्या इमारतीतल्या फौजी माणसाचा सत्कार करायचा. शाल झाली, श्रीफळ झालं. मग सेक्रेटरी म्हणाले, "आबा, आता मुलांना लढाईतली एखादी गोष्ट सांगा."

आबा उभे राहिले. म्हणाले, "मी लढाईत नव्हतो. लढाईच्या काळात होतो." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या, पण त्या थोड्या अवघडलेल्या होत्या. मुलांची तोंडं उतरली. माझ्या वर्गातल्या एका मुलाने जिन्यात मला विचारलं, "म्हणजे तुझे बाबा खरे सैनिक नाहीत का?" मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी आबांची लाज वाटली. ही लाज मनातून जायला फार वर्षं लागली आणि आजचं व्याख्यान त्या वर्षांचाच हिशेब आहे.

आपण आज घाटकोपरमध्ये बसलो आहोत. याच घाटकोपरमध्ये नौदलाचं सामानाचं मोठं भांडार आहे. जहाजाला लागणारी वस्तू, अगदी स्क्रूपासून, कुठेतरी ठेवावी लागते, मोजावी लागते, मागितली की द्यावी लागते. कांदिवलीला लष्कराचा सीओडी, म्हणजे केंद्रीय आयुध डेपो आहे. मालाडला मार्व्याच्या किनाऱ्यावर आयएनएस हमला आहे. नाव हमला, पण तिथे शिकवतात ते नौदलाची रसद सांभाळण्याचं काम. जहाजावरचे आचारी आणि भांडारी तिथे तयार होतात. मरोळमधला रस्ता मिलिटरी रोड म्हणूनच ओळखला जातो. मुंबईच्या युद्धाची चित्रं आपण काढतो ती कुलाब्याची, गोदीची, कराचीकडे निघालेल्या क्षेपणास्त्र नौकांची. उपनगरांच्या वाट्याला युद्धाचं कोठार आलं. आपल्याला मात्र हे डेपो आठवतात ते इमारतीच्या पुनर्विकासाला संरक्षण खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र अडलं की. त्या भिंतींच्या आत १९६५ आणि १९७१ मध्ये राबलेली माणसं याच उपनगरांत भाड्याच्या खोल्यांतून राहिली, म्हातारी झाली, गेली. त्यांच्या नावाने एकही चौक नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

लढाईतला आणि लढाईच्या काळातला, हा भेद खरा आहे. तो पुसून टाका असं मी म्हणणार नाही आणि आबांना तर ते मुळीच चाललं नसतं. शेजारच्या चाळीत पश्चिमी तारा मिळालेले एक नाईक राहायचे. ते दिसले की आबा, वयाने मोठे असूनही, आधी रामराम घालायचे. ताऱ्याचा मान ताऱ्याला. पण हा भेद सैनिकाच्या लायकीचा आहे असं जे आपण धरून चालतो, तिथे आपली चूक होते. कुठे उभं राहायचं हे जवान ठरवत नाही. भरतीच्या दिवशी तो सही करतो आणि त्या सहीने तो निर्णय दुसऱ्याच्या हाती देतो. कुणाची बदली नोव्हेंबरात खेमकरणला होते, कुणाची जबलपूरला. दोघांनी सही एकाच कागदावर केलेली असते. माझ्या मते समाजाने पहिला आदर द्यायचा तो या सहीला. गोळी किती जवळून गेली त्यावरून तो ठरवायचा नाही, कारण गोळीचं अंतर नशिबाने ठरतं.

आणि हे पिछाडीचं आणि आघाडीचं म्हणजे तरी काय? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज पेटलं आणि फुटलं. आघाडी तेव्हा ब्रह्मदेशच्या सीमेवर, हजार मैलांहून जास्त दूर. त्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या अंगावर लष्करी गणवेश नव्हता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, हे आपण सांगतो आणि सांगितलंच पाहिजे. पण त्या १७६ मध्ये कोण कोण असतं याचा विचार करून पाहा. जहाजावर तोफ चालवणारा असतो तसा भात शिजवणारा असतो, कपड्यांचा आणि सामानाचा हिशेब ठेवणारा असतो. पाणी आत आल्यावर ते कुणाचा हुद्दा विचारत नाही. अगदी अलीकडे, ३१ मे २०१६ च्या पहाटे, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली. ना युद्ध, ना शत्रू. दोन अधिकाऱ्यांसह पंधरांहून जास्त माणसं गेली, बरीचशी आग विझवणारी. पुलगाव नकाशावर सीमेपासून किती लांब आहे ते पाहा.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं नाव आपल्याकडे घेतलं जातं, पण त्यांचं काम काय होतं हे फारसं सांगितलं जात नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांतले. १९४८ च्या एप्रिलमध्ये, ८ ते ११ तारखेला, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी व आडव्या टाकलेल्या झाडांनी अडवलेला होता. राण्यांनी तो रस्ता मोकळा केला. पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी थांबले नाहीत. सुरुंग उकरायचे, झाडं हटवायची, वळणरस्ता काढायचा, पुन्हा पुढच्या अडथळ्याकडे सरकायचं. शत्रूला मारणं हे त्यांचं काम नव्हतं. दुसऱ्यांना पुढे जाता येईल अशी वाट करणं हे होतं. देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, परमवीर चक्र, या कामाला मिळाला आणि राण्यांनी तो हयातीत स्वीकारला. आठवीतल्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं, तर तिला जिन्यात उत्तर सुचलं असतं.

दुसरं नाव मुरलीकांत पेटकरांचं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे. ते होते ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात. १९६५ मध्ये सियालकोट भागात त्यांच्या छावणीवर हवाई हल्ला झाला, अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ते पायदळात नव्हते म्हणून विमानाने त्यांना सोडलं नाही. पुढे ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे पहिले भारतीय पॅरालिंपियन. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. मधली ४६ वर्षं मोजा. त्यातली बरीच वर्षं ते पुण्यात एका कारखान्यात नोकरी करत होते, आणि आपण, मराठी वाचणारी, व्याख्यानांना जाणारी माणसं, त्यांच्या शेजारून जात होतो. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा घराघरांत विचारलं गेलं, "हा माणूस आपला? मग आपल्याला माहीत कसा नाही?" या प्रश्नाचं उत्तर पेटकरांनी द्यायचं नाही. आपण द्यायचं आहे.

आता एक अवघड गोष्ट. काही माजी सैनिक न लढलेल्या लढाया सांगतात. मी अशी माणसं पाहिली आहेत. आबांबरोबर बँकेच्या दारावर काम करणाऱ्या एकाने टायगर हिल चढल्याची कथा इतक्या वेळा सांगितली की शेवटी त्याच्या मुलालाही ती खरी वाटू लागली. तो माणूस कारगिलच्या वर्षी दक्षिणेतल्या एका छावणीत वाहनचालक होता. आबांना हे ठाऊक होतं. मी विचारलं, "तुम्ही त्याला खोटं का पाडत नाही?" आबा म्हणाले, "त्याने सतरा वर्षं ट्रक चालवला. बर्फात, पुरात. ते सांगितलं तर कुणी ऐकतं का?"

हे मला फार खोल गेलं. खोटं बोलणं वाईटच, आणि ज्यांनी खरोखर ती चढण चढली, जे तिथून परत आले नाहीत, त्यांच्यावर तो अन्याय आहे; याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या माणसाकडून ती गोष्ट वदवून कोण घेतं? आपण घेतो. "किती मारले?" हा प्रश्न लहान मूल विचारतं तेव्हा आपण हसतो, मुलाला थांबवत नाही. गोळीबाराशिवायच्या गोष्टीला आपल्याकडे कान नाहीत. सतरा वर्षं घर सोडून राहणं, पोरीचं बारसं पत्राने कळणं, बाप गेल्यावर थेट तेराव्यालाच पोचणं, यात आपल्याला युद्ध दिसत नाही. सैनिकाला हे ओळखायला वेळ लागत नाही. मग कुणी गप्प बसतो आणि कुणी गोष्ट रचतो.

माझ्या आजोळच्या भागात असं नव्हतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. गावाला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. अशा गावांत सुटीवर आलेल्या किंवा पेन्शनीत निघालेल्या माणसाला पारावरचा म्हातारा विचारायचा, "पलटण कंची?" एवढंच. लढाईत होतास का, हे कुणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्यालाही ते माहीत असायचं, की लढाईत कोण जाणार हे वरून ठरतं. "पलटण कंची" या प्रश्नात त्या माणसाचा सगळा मान येतो. तू कुणाचा, कुणाबरोबर उभा राहिलास, तुझ्या शेजारी कोण झोपत होतं. उपनगरात आलो आणि हा प्रश्न आपण गावी ठेवून आलो.

आता आदर कमवावा लागतो का, याबद्दल. सहीचा आदर आपोआप मिळाला पाहिजे, तो समाजाने देणं लागतो. पण त्यापुढचा जो आदर असतो, ज्याने माणूस वाकून नमस्कार करतो, तो कमवावाच लागतो आणि तो गणवेश उतरल्यानंतर कमवावा लागतो. आबा बँकेच्या दारात वीस वर्षं उभे राहिले. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांचे फॉर्म त्याच सुंदर अक्षरात भरून द्यायचे. शाखेतली एक बाई दर महिन्याला त्यांच्यासाठी वाटीभर चटणी आणायची. ती कोणत्या पदकासाठी नव्हती. सत्काराच्या दिवशी आबांनी जे एक वाक्य उच्चारलं, तेही मी आज कमाईतच धरते. शाल खांद्यावर, नारळ हातात, पन्नास माणसं गोष्टीची वाट बघतायत, आणि खोटं बोललं तर पकडणारं तिथे कुणी नाही. अशा वेळी "मी लढाईत नव्हतो" म्हणायला जे लागतं, त्याला मी आता धैर्य म्हणते. तेव्हा नाही म्हटलं.

सैनिकाचा मान राखायचा म्हणजे त्याला सगळ्यांपेक्षा वेगळा करून ठेवायचं, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. २०२० च्या सप्टेंबरात कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मारहाण झाली. निमित्त होतं मोबाइलवर पुढे पाठवलेलं एक व्यंगचित्र. सगळीकडून ओरड झाली, की माजी सैनिकावर हात टाकला! मला त्या ओरडीत काहीतरी कमी वाटलं. व्यंगचित्रासाठी कुणालाच मारायचं नसतं. तिथे शिक्षक असता, भाजीवाला असता तर चाललं असतं का? ज्या हक्कांसाठी सैनिक सीमेवर उभा राहतो ते हक्क सगळ्या नागरिकांचे असतात. ते सांभाळणं हा त्याचा सर्वात मोठा मान आहे.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी चालते, ते गुरुजी सैनिक नव्हते. पण आयोजकांनी मला सांगितलं, की १९७१ च्या डिसेंबरात ते इथे नागरी संरक्षणाचे वॉर्डन होते. भोंगा झाला की हातात शिट्टी घेऊन चाळीचाळीतून फिरायचे. खिडकीच्या काचेला लावलेला ब्राऊन पेपर कुठे सुटला असेल, फटीतून उजेड येत असेल, तर खालून हाक मारायचे. याच मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला होमगार्डची स्थापना झाली होती. त्यातलीही कितीतरी माणसं १९७१ च्या त्या रात्रींत रस्त्यांवर होती. यांना तर संग्राम पदकही नाही. मला वाटतं, गुरुजी आणि आबा भेटले असते तर फार बोलले नसते. त्यांचं जमलं असतं.

आबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. १९७१ साली जो जवान वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीला टेकला आहे. १९६५ वाला ऐंशीच्या पुढे. लवकरच असा एकही माणूस उरणार नाही. म्हणून शेवटी भाषण न करता एक काम सांगते.

सैनिकांची पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते. ती राहिली की पेन्शन थांबते. आबांच्या पश्चात माझ्या आईची अशी चार महिने थांबली होती. तिच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नव्हता, डिस्चार्ज बुकातल्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक होता, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तिला वाचता येईपर्यंत त्याची वेळ संपायची. तिला मी होते. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत अशा कितीतरी म्हाताऱ्या आणि म्हातारे आहेत ज्यांची मुलं परगावी आहेत, परदेशी आहेत किंवा नाहीतच. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी द्या, जरूर द्या. पण त्याआधी आपल्या इमारतीत, समोरच्या चाळीत, गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या घरी, असं कुणी आहे का ते विचारून घ्या. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि डिस्चार्ज बुक त्यांच्या पिशवीत असतंच. त्यांना घेऊन एक सकाळ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जवळच्या सेवा केंद्रात जा, रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची मागा आणि नोंद झाल्याची पावती हातात पडेपर्यंत तिथून हलू नका. बसल्या बसल्या त्यांना विचारा, पलटण कोणती होती.